नरक्याचे देणे

मांडी घालून बसा किंवा खुर्चीवर बसा. पाठ ताठ असली म्हणजे झाले. आज मननाला एकच प्रश्न घ्यायचा आहे. ज्या शोधाने गरीब देशांतली माणसे जगू शकतात, त्या शोधावर कोणी नफा कमवावा का, आणि कमवावा तर कुठवर? प्रश्न वाचताच मनात काहीतरी उमटले असेल. कोणाला राग आला असेल, कोणाला वाटले असेल, 'कमवू नये तर काय, फुकट कोण राबणार?' जे उमटले ते तसेच राहू द्या. खोडू नका आणि धरूनही बसू नका. आपण आधी एका झाडापाशी जाऊ, मग माणसांपाशी, आणि पैशापाशी त्यानंतर.

मनाने नेसरीला या. गडहिंग्लजहून चंदगडकडे जाताना लागणारे हे गाव. नाव काढले की प्रतापराव गुजर आठवतात. 1674 साली सहा साथीदारांना घेऊन बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडलेले स्वराज्याचे सरनोबत. त्यांचे नाव शाळकरी पोरालाही पाठ असते. सोबतच्या सहांपैकी तुम्हाला किती नावे येतात? मनातल्या मनात म्हणून पाहा. आठवली नाहीत तरी स्वतःवर चिडू नका. पुढे हा प्रश्न आपल्याला उपयोगी पडणार आहे.

आता गावातून पश्चिमेकडे तोंड करा. आजरा आणि चंदगडचे डोंगर, त्यापलीकडे आंबोली, आणि मग खाली कोकण. या पावसाळी रानात नरक्या नावाचे झाड वाढते. ते फार उंच होत नाही. फांदी मोडली किंवा साल खरवडली की घाण वास येतो, फुलांचा वासही नकोसा. अंगणात हौसेने कोणी लावावे असे हे झाड नाही. वनस्पतीशास्त्रात त्याचे आजचे नाव नोथापोडायटिस निमोनियाना. पूर्वी मॅपिया फिटिडा म्हणत.

या झाडापाशी थोडे थांबा. त्याच्या सालीत, लाकडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. आपल्या पेशीला दुभंगायचे असते तेव्हा आतल्या डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी पेशीतले एक विकर डीएनएचा एक धागा कापते, पीळ सैल करते आणि धागा पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके या सांध्यात अडकून बसते. कापलेला धागा कापलेलाच राहतो आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सारख्या दुभंगत असतात, म्हणून त्यांच्यावर हा घाव अधिक बसतो. चंदगडच्या रानातल्या सालीत आणि दूर कुठल्यातरी रुग्णालयात सलाइनमधून थेंबथेंब उतरणाऱ्या औषधात असे नाते आहे. ते नाते मनात नीट बसेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता माणसांकडे वळू. 1925 साली नंदुरबारला एक मुलगा जन्मला, मनसुख वाणी. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून तो पुढे अमेरिकेला गेला आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागला. 1966 साली या दोघांच्या गटाने एका चिनी झाडापासून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले आणि त्याची रचना मांडली. पैसा होता अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा, म्हणजे तिथल्या करदात्यांचा. 1972 साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी आपल्या नरक्यात तेच द्रव्य सापडल्याचे प्रसिद्ध केले. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते, आणि हे केंद्र एका स्विस कंपनीचे.

पण औषध तेव्हा झालेच नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कर्करोगाच्या रुग्णांवर जे प्रयोग झाले ते सोडून द्यावे लागले. रुग्णांच्या मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, रक्तपेशी घटल्या. द्रव्य कपाटात गेले. 1985 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते पेशीत नेमके कुठे अडकते हे कळले आणि कपाट पुन्हा उघडले. मग कंपन्या उतरल्या. त्यांनी रेणूत फेरफार करून तो सुसह्य केला, चाचण्यांवर वर्षे आणि पैसा ओतला. जपानमध्ये इरिनोटेकन आले. ते विकसित करण्यात आपण आंबट दुधाच्या इवल्या बाटलीमुळे ओळखतो ती याकुल्ट कंपनीही होती. 1996 साली अमेरिकेत टोपोटेकन आणि इरिनोटेकन या दोन्हींना परवानगी मिळाली. एक अंडाशयाच्या कर्करोगासाठी, दुसरे मोठ्या आतड्याच्या.

इथे श्वास घ्या आणि विचारा: हा शोध कोणाचा? वाणी-वॉल यांचा म्हणाल, तर बरोबर आहे. कंपनी म्हणेल, आम्ही नसतो तर तो कपाटातच राहिला असता, तेही खरे. अमेरिकेतला कर भरणारा कामगार काही बोलणार नाही, पण पैसा त्याचा होता. सत्तरच्या दशकात ज्यांनी आपले शरीर प्रयोगाला दिले आणि रक्तस्राव सोसला, ते रुग्ण कोण होते? कोणत्या मात्रेला थांबायचे हे त्यांच्या यातनांतून कळले. ज्या हातांनी घाटात साल सोलली ते हात कोणाचे? नेसरीच्या त्या सहा जणांची नावे आठवायचा प्रयत्न आपण मघाशी केला. शोधाच्या रणातही असेच होते. पुढे असलेल्याचे नाव राहते, सोबतचे वाऱ्यावर जातात. नाव कोणाचे राहावे याबद्दल माझी तक्रार नाही. पण पैसाही नावाच्याच मागे जातो, आणि तिथे मननाला सुरुवात होते.

आता पैसा. आकडे हळू वाचा. वाणी आणि वॉल यांनी 1971 साली आणखी एका रेणूची रचना जगापुढे ठेवली. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतला टॅक्सॉल. त्या रेणूवर कोणी पेटंट घेतले नाही. पुढची वीस वर्षे काम सरकारी पैशावर चालले. 1991 साली अमेरिकी सरकारने ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीशी करार केला, 1992 अखेर औषधाला परवानगी मिळाली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2003 साली हिशेब मांडला. सरकारी संशोधनसंस्थांनी या औषधावर 48 कोटी 40 लाख डॉलर खर्च केले होते. कंपनीची 2002 पर्यंतची विक्री सुमारे 900 कोटी डॉलर. आणि सरकारकडे स्वामित्वशुल्क म्हणून परत आले साडेतीन कोटी. कंपनीचाही खर्च झाला होता, हे विसरायचे नाही. तरीही हे तीन आकडे एकाखाली एक ठेवा आणि थोडा वेळ नुसते पाहत राहा. निष्कर्ष काढायची घाई नको.

आता नजर परत घाटावर आणा. बाहेर मागणी वाढली तसा नरक्या पोत्यांनी उतरू लागला. खोड तोडायचे, त्याचे तुकडे करायचे, पोती भरायची. रानातून वाहून आणणाऱ्याला किलोमागे काही रुपये. मधला व्यापारी, त्याच्यावरचा व्यापारी, मग अर्क काढणारा कारखाना, मग परदेश. नरक्याची पोती वनखात्याने पकडल्याच्या बातम्या या पट्ट्यातून वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. पकडला जातो तो बहुतेकदा गाडीचा चालक नाहीतर तोडणारा मजूर. पश्चिम घाटातली नरक्याची संख्या या तोडीने झपाट्याने घटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. झाड लाखमोलाचे आहे हे ज्याच्या गावात ते उभे होते त्याला सर्वांत शेवटी कळले, आणि कळले तेव्हा ते तोडून झाले होते.

या ठिकाणी मला जुने खळे आठवते. मळणी झाली, रास पडली, की धान्य घरी नेण्याआधी बलुतेदारांचे वाटे मोजले जात. सुताराने नांगर धरता ठेवला, लोहाराने फाळ शेवटला, चांभाराने मोट शिवली. त्यांचे कष्ट राशीत मिसळलेले होते म्हणून त्यांचा वाटा राशीतूनच. कणगीत जे जाई ते वाटे दिल्यावर उरलेले. शोधाच्या राशीला हा नियम लावून पाहा. आधी वाटे, मग कणगी. करदात्याचा वाटा, रानाचा वाटा, ज्यांच्या अंगावर प्रयोग झाले त्यांच्यासारख्या आजाऱ्यांचा वाटा, मग कंपनीचे. ऐकायला किती सरळ वाटते.

पण मनन म्हणजे आपल्याला आवडलेल्या विचारालाही उलटून पाहणे. ते खळे इतके सोज्वळ नव्हते. वाटा किती, कधी, कोणत्या सुपाने, हे मालक ठरवी. उतरंडीत जो सर्वांत खाली, त्याला सर्वांत जास्त ताटकळावे लागे आणि राशीच्या तळची मातीमिसळ मिळे. मागणे त्याच्या वाट्याला आले, ठरवणे कधीच नाही. तेव्हा बलुत्यातून एवढेच घेऊ की वाटा राशीत आधीपासून असतो. तो मालकाच्या मर्जीवर सोडायची रीत मात्र तिथेच सोडून देऊ. कंपन्या गरीब देशांना मधूनमधून औषधे दान करतात, त्यांचे फोटो छापून येतात. ते दान ज्याचा जीव वाचवते त्याच्यासाठी मोलाचे आहे. पण दान देणारा उद्या हात आखडता घेऊ शकतो. वाटा मागण्याचा हक्क असेल तर तो हात आखडता येत नाही.

हक्क कागदावर कसा उतरतो, याचे एक उदाहरण मुंबईतच घडले. जर्मनीच्या बायर कंपनीचे सोराफेनिब हे मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरचे औषध भारतात महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजार रुपयांना मिळत होते. 9 मार्च 2012 रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. नॅटकोने ते महिन्याला 8,800 रुपयांत द्यायचे आणि विक्रीच्या शेकडा 6 बायरला स्वामित्वशुल्क द्यायचे. पुढे अपिलात हे 7 झाले. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयानेही परवाना कायम ठेवला. या निर्णयात काय आहे ते पाहा. पेटंट रद्द झाले नाही. शोधणाऱ्याचा वाटा बुडाला नाही. नॅटकोही धर्मादाय संस्था नव्हती, तिलाही नफा होणार होता. फक्त किंमत ठरवताना ज्याला विचारायचे राहून गेले होते, त्या आजारी माणसाला कायद्याने हिशेबात आणले. 8,800 रुपयेही नेसरीच्या शेतमजुराला भारीच. तरी 8,800 साठी घर धडपडू शकते. 2 लाख 80 हजारांसाठी घर धडपडतसुद्धा नाही, डोळे मिटून घेते.

याआधीही एकदा असे झाले होते. 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने युसूफ हमीद यांच्या पुढाकाराने एड्सवरची तीन औषधे एकत्र वर्षाला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. मूळ कंपन्यांच्या औषधांना तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर खर्च येई. हे जमले, कारण भारताने 1970 साली असा पेटंट कायदा केला होता की औषधाच्या रेणूवर मालकी सांगता येत नसे, बनवण्याच्या पद्धतीवरच येई. 2005 साली जागतिक व्यापार कराराखाली तो कायदा बदलावा लागला. सिप्ला बुडाली नाही, तीही नफ्यात राहिली. मग नफा हा प्रश्न नव्हताच का? डोळे मिटून यावर जरा रेंगाळा. मला वाटते, नफ्याचे दोन आकार असतात. एक अनेकांना थोड्या किमतीत देऊन होतो, दुसरा थोड्यांना अफाट किमतीत देऊन. ताळेबंदात दोन्ही सारखे दिसू शकतात. आफ्रिकेतल्या एखाद्या गावात ते सारखे नसतात.

आणखी एक बाजू आहे, ती सहसा नजरेतून सुटते. नफा केवळ किंमत ठरवत नाही, काय शोधायचे हेही ठरवतो. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर आठवा. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत, पोरे जास्त. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढून पाहिले की मरण येते ते हृदय आणि फुप्फुसांच्या वाटेने. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त, आधीपासून बाजारात असलेले औषध त्यांनी दिले आणि गंभीर रुग्णांतली मृत्यूची संख्या कुठल्या कुठे खाली आली. 1986 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ते मांडले. जगातल्या कुठल्याही डॉक्टरने वाचावे आणि वापरावे. या शोधावर कोणाला पैसा मिळाला नाही, मिळण्याजोगा नव्हताच. म्हणून तर कोणती कंपनी तो शोधायला आली नव्हती. विंचू ज्यांना चावतो ते अनवाणी असतात, आणि अनवाण्यांची बाजारपेठ नसते. न लागलेल्या शोधांची यादी कोणी छापत नाही. ती किती लांब असेल, याचा विचार करत क्षणभर बसा.

इथपर्यंत आपण बाहेर बोट दाखवत आलो. अमेरिका, जर्मनी, कंपन्या. आता ते बोट खाली घ्या. 'गरीब देश' म्हणताना आपल्या मनात नकाशा येतो. पण नरक्याच्या वाटेवर एका टोकाला चंदगडचा पाडा होता, मधल्या टप्प्यांवर आपलीच माणसे होती. व्यापारी आपले, अर्क काढणारे कारखाने आपले. 2002 साली आपल्या संसदेने जैवविविधता कायदा केला. रानातल्या साधनसंपत्तीवर कमावणाऱ्याने ज्यांनी ती जपली त्यांना लाभाचा वाटा द्यावा, असे त्यात आहे. उत्तराखंडातली दिव्य फार्मसी न्यायालयात म्हणाली की हा वाटा परदेशी कंपन्यांकडून घ्या, आम्ही देशी आहोत. 2018 च्या डिसेंबरात तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितले की देशी कंपनीलाही द्यावा लागेल. 2023 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि काही देशी मंडळींना पुन्हा सूट मिळाली. श्रीमंत देशांनी जे सांगितले की आपल्याला राग येतो, तेच आपण डोंगरातल्या माणसाला किती सहज सांगतो. हे पाहताना लाज वाटली तर वाटू द्या, पण तिच्यात अडकू नका.

वाटा देता येतो, हेही घडलेले आहे. केरळात काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा या वनस्पतीची माहिती शास्त्रज्ञांना दिली. त्यावरून बनलेल्या 'जीवनी' या औषधाचा परवाना 1995 साली दहा लाख रुपये आणि विक्रीच्या शेकडा 2 या बोलीवर दिला गेला आणि मिळकतीतला अर्धा वाटा काण्यांसाठी ठेवला गेला. 1997 साली त्यांचा विश्वस्त निधी उभा राहिला. रक्कम मोठी नव्हती, पुढे भांडणे आणि अडचणीही आल्या. तरी एकदा वाटा मोजला गेला, आणि आकाश कोसळले नाही.

कोणी म्हणेल, नरक्याचे तसे नाही. घाटातल्या कोणाला त्याने कर्करोग बरा होतो हे ठाऊक नव्हते. ज्ञान वाणी-वॉलचे, गोविंदाचारींचे. मग रानाचे देणे कसले? हा आक्षेप खरा आहे, त्याला टाळू नका. माझे उत्तर असे: ज्ञान त्यांचे नव्हते, पण रान होते, आणि रान आपोआप उभे राहत नाही. देवराईला कुऱ्हाड न लावणारे, वणवा विझवायला धावणारे, गवे शेत तुडवतात तरी तिथेच राहणारे लोक त्या झाडाच्या वाढण्यात आहेत. जे त्यांनी राखले, त्याच्यावाचून ते ज्ञान चिनी झाडापुरतेच राहिले असते.

आता शेवटची बैठक. इरिनोटेकन आणि टोपोटेकन आज पेटंटमुक्त आहेत, भारतात बनतात. 2015 पासून इरिनोटेकन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. म्हणजे वेळ गेला की शोध सगळ्यांचा होतो. प्रश्न पेटंटच्या मधल्या वीस वर्षांचा आहे. वीस वर्षे हा कंपनीसाठी मुदतीचा काळ असतो. रुग्णासाठी त्यातले एक वर्षही उशिराचे असू शकते. ज्याने जोखीम घेतली त्याला मोबदला मिळाला पाहिजे, नाहीतर पुढचा कोणी कपाट उघडायला येणार नाही. पण मोबदल्याची किंमत उशिरात मोजायची असेल, तर तो उशीर कोणाच्या आयुष्यातून वजा होतो हे विचारायचा अधिकार आपल्याला आहे.

सुरुवातीला मनात जे उमटले होते ते आता पुन्हा पाहा. राग असेल तर त्याला दिशा मिळाली का? व्यवहार असेल तर त्यात आणखी एखादा वाटेकरी दिसू लागला का? माझ्यापुरते म्हणाल तर एवढे स्पष्ट झाले आहे: शोधावरचा नफा पाप नाही, मात्र देणी चुकवण्याआधी त्याला नफा म्हणता येत नाही. तोवर ती नुसती विक्री असते.

आणि हे मनन मनात संपवू नका. प्रत्येक ग्रामपंचायतीत कायद्याने जैवविविधता समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकांची जैवविविधता नोंदवही. हरित लवादाने 2020 च्या जानेवारीअखेरची मुदत घातली तेव्हा देशभर त्या वह्या भराभर तयार झाल्या. घाईत भरलेली वही कशी असते ते आपण जाणतोच. पुढच्या ग्रामसभेत ती वही मागा. आपल्या रानातल्या झाडांची नावे तिच्यात आहेत का, ती कोण राखतो याची नोंद आहे का, आणि कोणी तोडायला किंवा अभ्यासायला आले तर त्याने कोणाला विचारायचे हे लिहिले आहे का, ते वाचून पाहा. नसेल तर लिहून घ्या. वाटा मागणाऱ्याकडे आधी आपल्या राशीची नोंद हवी.